पाच सेंटिमीटर

सत्तावीस वर्षांच्या गाडीचे शॉकअप गेले होते, ते बदलायचे. काम एवढंच. पण माझ्या नवऱ्याला, येर्कोला, एकावन्नाव्या वर्षी तारुण्याचा झटका आला आणि त्याने शॉकअपबरोबर आखूड स्प्रिंगाही मागवल्या. गाडी पाच सेंटिमीटर खाली बसणार, म्हणे.

"खाली बसून काय अंडी घालणार आहे?" मी विचारलं.

"रस्त्याला चिकटून पळेल, दिंका!"

आमच्या बेटावर रस्ता एकच, आणि त्यावर घाई फक्त शेळ्यांना.

पुढच्याच गुरुवारी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. चौदा महिने थांबल्यावर पलीकडे किनाऱ्यावरच्या झादर शहरात नंबर लागला होता. चुकला तर पुन्हा रांगेच्या शेवटी. त्यांचा एक डोळा कधीच गेलेला, उरलेल्याला माणसं नुसती धुरकट दिसायची. मला त्या आवाजावरून ओळखत. आवाज भरपूर असल्यामुळे अडचण नव्हती.

शनिवारी अंजिराखाली गाडी जॅकवर चढली. शेजारचा ल्युबो स्प्रिंग दाबून धरायचे शिकंजे आणि फुकटचे सल्ले घेऊन हजर झाला.

"हळू आवळ! सुटली तर डोकं घेऊन जाईल."

"त्यात नेण्यासारखं आहे काय?" पायरीवरून सासूबाई म्हणाल्या.

जुने शॉकअप तेल गळून काळे पडले होते. दांडा दाबला की आत जायचा, वर यायचं नाव नाही. रविवारी दुपारपर्यंत नवे बसले, आखूड स्प्रिंगा चढल्या आणि जॅक सोडला. गाडी खाली आली ती येतच राहिली. येर्को तिच्याभोवती नवरदेवासारखा मिरवत होता.

जुन्या स्प्रिंगा? आमच्याकडे काही टाकून देत नाहीत. आमची होडी बांधायला पाण्यात धोंडा हवाच होता. त्याने चारही स्प्रिंगा सिमेंटमध्ये रोवल्या आणि दोन दिवसांनी तो धोंडा धक्क्याजवळ समुद्रात बुडवला.

गुरुवारी पहाटेपासून उत्तरेचा वारा सुटला. हा वारा सुटला की पाणी उतरतं आणि फेरीबोटीवर जायची फळी तिरकी होते. हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. येर्कोलाही होतं, पण गेला आठवडाभर त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. पुढची चाकं फळीवर उतरली, मागची धक्क्यावर राहिली, आणि मधल्यामध्ये गाडीचं पोट टेकलं.

"येर्को, ही गाडी आहे का सतरंजी?" एक खलाशी ओरडला. मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा गोंधळ घातला. शेवटी सहा जणांनी ढकलून गाडी मागे घेतली.

येर्कोचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आई, पुढच्या बोटीने जाऊ."

"ती साडेअकराला. माझा नंबर साडेनऊला." सासूबाईंनी दार उघडलं. इतक्या खालून त्यांना उपसायला दोन खलाशी लागले. डोक्याचा रुमाल सारखा करत त्या म्हणाल्या, "दिंका, हात दे."

दुखरा खुबा ओढत त्या फळी उतरल्या. मागून येर्कोने "आई" म्हणून हाक मारली. त्या वळल्या नाहीत. मी त्याला त्याच क्षणी समुद्रात ढकललं असतं, पण हात अडकला होता.

ऑपरेशन झालं. रात्री आम्ही त्यांच्या भाचीकडे राहिलो, आणि शुक्रवारी सकाळी पट्टी निघाली. परतीच्या बोटीवर सासूबाईंनी पहिल्यांदा मला न्याहाळलं.

"अगं, तुला मिशी कधी फुटली?"

मी ते मनाला लावून घेतलं नाही. घेतलं, पण बोलले नाही.

बोट बंदरात वळली. धक्क्याजवळ, नोव्हेंबरच्या पाण्यात, एक माणूस छातीइतका बुडून दोर ओढत होता. काठावर ल्युबो घण घेऊन उभा होता आणि अर्थातच सल्ले देत होता.

"पाण्यात तो गाढव कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचाच. जुन्या स्प्रिंगा काढतोय."

आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून मी सरसावून बसले. त्या कठड्याला धरून बघत राहिल्या. येर्कोचे ओठ निळे पडले होते. आम्हाला पाहून त्याने हात हलवला.

"सगळे केस गेले गं त्याचे," त्या हळूच म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही."

"आई, रडू नका, डोळा नवा आहे."

"गप्प बस." त्यांनी नाक पुसलं, कठड्यावरून वाकल्या आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "येर्को! टोपी घाल!"