चार्जिंग का सुरू होईना?

सकाळी सात वाजता निवृत्त पोस्टमास्तर पार्किंगमध्ये उतरले आणि आपल्या इलेक्ट्रिक गाडीचा स्क्रीन पाहून जागच्या जागी थिजले. चार्ज फक्त पाच टक्के! काल संध्याकाळी त्यांनी स्वतः वायर लावली होती. रात्रभरात गाडीने घोटभर वीजसुद्धा घेतली नव्हती.

नेमका आजचाच दिवस. अकराच्या सुमाराला प्रसूतिगृहातून लेकीला आणि चार दिवसांच्या नातीला घरी आणायचं होतं. मास्तरांनी ती जन्मली त्याच दिवशी जाहीर केलं होतं, "माझी नात पहिल्यांदा बसेल ती माझ्याच गाडीत."

त्यांनी वायर काढली, पुन्हा लावली. भिंतीवरचा खटका खाली-वर केला. फुंकर मारली. काही उपयोग नाही. तेवढ्यात बादली घेऊन मावशी आल्या. इमारतीतल्या बारा गाड्या त्या रोज पुसायच्या.

"मावशी, काल चार्जिंगच्या तोंडात पाणी घातलंत ना?"

"नाही हो साहेब. तिथे मी पाणी मारतच नाही. झाकण बंद असतं तेव्हा नुसतं फडकं फिरवते."

"मग काय आपोआप बिघडली?"

मावशी पुढे काही बोलू लागल्या, पण मास्तरांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी तिथेच उभं राहून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'गाडी धुणाऱ्या बाईच्या निष्काळजीपणामुळे माझी गाडी बंद.' दोन मिनिटांत सेक्रेटरीचं उत्तर आलं, 'आजपासून त्यांनी कोणत्याही इलेक्ट्रिक गाडीला हात लावू नये.' मास्तरांनी ते मावशींना ऐकवलं. इमारतीत अशा चार गाड्या होत्या. म्हणजे मावशींच्या हातचं चार घरांचं काम गेलं. मावशींनी फडकं पिळलं, बादलीच्या काठावर वाळत टाकलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या.

साडेनऊला गाडीच्या कंपनीतून दुरुस्तीसाठी एक तरुण मुलगी आली, खांद्याला पिशवी अडकवलेली. तिने आधी भिंतीवरच्या पॉइंटला मीटर लावून पाहिलं. वीज व्यवस्थित येत होती. मग टॉर्चच्या उजेडात गाडीचं चार्जिंगचं तोंड पाहिलं.

"कोरडं ठणठणीत आहे. पाण्याचा थेंबसुद्धा गेलेला नाही," ती म्हणाली. "काका, शेवटचं बटण कोणी दाबलं होतं?"

"मीच. पण त्याचा काय संबंध? पाणी मारलंय या मावशींनी. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंयसुद्धा मी."

मुलगी सरळ गाडीत बसली. स्क्रीनवर दोनदा बोट फिरवलं आणि तिला हसू आवरेना.

"तुमची गाडी ठणठणीत आहे, काका. ती अकरा वाजायची वाट बघतेय. तुम्ही चार्जिंगची वेळ लावून ठेवलीत, पण रात्रीचे अकरा लावायच्या ऐवजी दिवसाचे लावलेत."

मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. रात्री वीज स्वस्त पडते हे वाचून काल त्यांनीच चष्मा न लावता तो उद्योग केला होता.

मुलीने एक बटण दाबलं. तोंडाशी हिरवा दिवा लागला. "अर्ध्या-पाऊण तासात जाऊन येण्यापुरती होईल," ती म्हणाली. "काका, राग मानू नका. आम्हाला रोज असा कोणीतरी भेटतो. मशीन अडलं की लोक कामवाली, वॉचमन, ड्रायव्हर यांचंच नाव घेतात. काल इथल्या एखाद्या डॉक्टरांनी तुमच्या गाडीला हात लावला असता, तर त्यांचं नाव ग्रुपवर टाकलं असतंत?"

जिन्यात येऊन उभ्या राहिलेल्या मास्तरांच्या बायकोने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "अहो, लिहायला दोन मिनिटं लागली होती ना? मग आता पुसायलाही तेवढीच लागतील."

"नुसतं पुसून भागणार नाही," मास्तर म्हणाले. या वेळी त्यांनी आधी चष्मा लावला आणि लिहिलं, 'चूक माझी होती. वेळ मीच चुकीची लावली. मी मावशींवर खोटा आळ घेतला. सेक्रेटरीसाहेब, बंदी लगेच उठवा.' मग ते पायरीपाशी गेले.

"मावशी, माझं चुकलं. तुमचं म्हणणं मी ऐकूनसुद्धा घेतलं नाही."

"चूक माझी असती तर मीच सांगितलं असतं, साहेब," मावशी पदर सावरत उठल्या. "आता ग्रुपवर लिहिलंत तेवढं वाचून दाखवा म्हणजे झालं."

मास्तरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. सेक्रेटरीचं 'बंदी उठवली' हे उत्तरही वाचलं. मावशी खुदकन हसल्या. "चला, बाराही गाड्या राहिल्यात अजून. तुम्ही निघा, बाळ वाट बघत असेल."

बारा वाजता गाडी परत आली. इमारतीतले सगळे खाली जमले होते. मास्तर दुपट्यातली नात घेऊन उतरले, गर्दीतून वाट काढत थेट मावशींपाशी गेले. मावशींनी हात घाईघाईने कोरडे केले. नात त्यांच्या हातात गेली, तिने डोळे किलकिले करून पाहिलं आणि अशी झकास जांभई दिली की सगळी गर्दी हसली. मास्तर तर सगळ्यांत जास्त हसले.

वाचकहो, यंत्र अडलं की दुरुस्त करणारा माणूस बोलावता येतो. पण विचारपूस न करता, केवळ कष्टाचं काम करतो म्हणून एखाद्यावर आळ घेतला, तर ती दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. आणि आळ चारचौघांत घेतला असेल, तर माफीही चारचौघांतच मागायला हवी.