नाकवाले चाचा

रहमतुल्लानं टाकीच्या तोंडाशी गुडघे टेकले, टोपी मागं सरकवली आणि मान पार खांद्यापर्यंत आत घातली. बाजूला मच्छिंद्र चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तयार उभा होता. कचरूनं दोराची वेटोळी सोडून ठेवली होती. सगळे गप्प. चाचा हुंगत असले की कुणी खोकायचंसुद्धा नाही, असा या टोळीचा रिवाज.

जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतून अजून कुठं कुठं भट्टीला काळं तेल जाळतात. त्या तेलाच्या टाकीच्या तळाला गाळ बसतो आणि तो खरवडायला माणूसच उतरावा लागतो. गाळातून वायू सुटतो. सडक्या अंड्यासारखा घाण मारतो, आणि फार झाला तर दोन श्वासांत माणूस आडवा. म्हणून आधी चाचांनी हुंगायचं. चाचा ‘उतरा’ म्हणाले की उतरायचं, ‘थांबा’ म्हणाले की लिंबाखाली जाऊन बसायचं. भोकरदनपासून आष्टीपर्यंतची माणसं या टोळीत येऊन गेली, पण चाचांच्या नाकावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

आणि आता आत मान घालून रहमतुल्ला काय हुंगत होता? कप्पाळ! करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचं नाक जे मेलं ते मेलंच. अत्तर काय नि जळकं दूध काय, त्याला सगळं सारखं. ही गोष्ट एकट्या मैमूनाला, त्याच्या बायकोला, ठाऊक होती. नाक गेलं म्हटल्यावर मुकादमी जाणार, आणि पन्नाशी उलटल्यावर पुन्हा गाळात उतरायची छाती त्याच्यात उरली नव्हती. मग काय करणार? मान आत घालायची, मनात वीस आकडे मोजायचे, टाकीत हवा मारणारा पंखा जरा जास्त वेळ फिरवायला लावायचा आणि अल्लाचं नाव घेऊन ‘उतरा’ म्हणायचं. इतकी वर्षं निभलं.

गेल्या महिन्यात निभलं नाही. मच्छिंद्र खाली गेला आणि तिसरी बादली भरता भरता कोसळला. दोरानं ओढून वर काढला तेव्हा तोंडाला फेस आलेला. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलावं त्या बाबानं?

"चाचाला काही म्हनू नका. सकाळी म्या काही खाल्लंच नव्हतं, म्हनून चक्कर आल्ती."

ते वाक्य रहमतुल्लाला तेव्हापासून आतून कुरतडत होतं. त्यानं आईवरून चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

आज त्याचे वीस आकडे पुरे झाले. त्यानं मान बाहेर काढली, पण ‘उतरा’ म्हणाला नाही. उठला आणि सरळ जीपकडं चालू लागला.

काकासाहेब ठेकेदार जीपला टेकून मोबाईलवरून फोटो धाडत होता. घटकाभरापूर्वी मच्छिंद्रला हेल्मेट, पट्टा आणि गळ्यात वायू मोजायचं यंत्र घालून उभं केलं होतं. कारखान्याच्या साहेबाला फोटो लागतो ना! फोटो निघाला, सामान परत पेटीत गेलं. त्या यंत्राची बॅटरी कधीच मरून गेली होती.

"शेठ, आज टाकी बंद ठेवा. ते मशीन चालू करून आना, न्हाईतर दुसरं आना."

"का? वास हाय का?"

"म्हाईत न्हाई."

"म्हाईत न्हाई म्हंजे?"

रहमतुल्लानं घसा खाकरला. मागं ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोलला.

"मला वासच येत न्हाई, शेठ. करोनापासून. इतके साल खोटं बोलून राह्यलो."

कचरूच्या तोंडाचा आ झाला.  मच्छिंद्र आधी टाकीच्या तोंडाकडं बघत राहिला, मग आपल्या उघड्या पायांकडं.

काकासाहेब हसला.

"इतके साल कामं झाली का न्हाई?"

"झाली."

"मंग? संध्याकाळी तेलाचा टँकर येऊन राह्यला. टाकी साफ पायजे म्हंजे पायजे." त्यानं मोबाईल खिशात घातला. "ए मच्छिंद्र, तुझं नाक तर शाबूत हाय ना? आजपासून मुकादम तू. हुंग."

अकरा वर्षं मच्छिंद्र गाळात उतरत होता. मुकादम कधी उतरत नाही. त्यानं सावकाश चपला पायांत घातल्या, पँटीच्या घड्या सोडल्या आणि टाकीशी गुडघे टेकले. मान जेमतेम आत गेली असेल, तोच झटक्यानं मागं आली. नाकपुड्या आवळल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

या अल्ला! रहमतुल्लाच्या छातीवरचा धोंडा उतरला. सुटलो. आता हा ‘थांबा’ म्हणेल, मुकादमी गेली तर गेली, एक जीव तर वाचला.

मच्छिंद्रनं बाहीनं डोळे पुसले.

"बोला मुकादम," काकासाहेब म्हणाला.

मुकादम! त्याला ही हाक आजवर कुणी मारली नव्हती. तो उठून उभा राहिला.

"काही न्हाई. चालतंय."

"शाब्बास. मंग उतरवा जल्दी."

कोण उतरणार, हा प्रश्नच नव्हता. कचरूचं पोट टाकीच्या तोंडातून जात नसे. तो जन्माचा दोर ओढणारा. राहिला एकच, रहमतुल्ला.

"मच्छिंद्र," रहमतुल्ला हळूच म्हणाला, "डोळ्याला पानी आलं तुझ्या."

"ऊन लई हाय, चाचा."

फाटक शंभर पावलांवर होतं. रहमतुल्लाला निघून जाता आलं असतं. पण कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? याच माणसाला त्यानं किती टाक्यांत असंच, काही ठाऊक नसताना, खाली धाडलं होतं, आणि हा एकदाही मागं सरला नव्हता. त्यानं टोपी काढून कचरूच्या हातात दिली. चपला काढल्या. खाली वाकून पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला.

मच्छिंद्रनं स्वतः दोर त्याच्या कमरेला बांधला. गाठ एकदा ओढून बघितली, पुन्हा एकदा बघितली. वर मात्र बघितलं नाही.

"उतरा चाचा," तो म्हणाला आणि कचरूला बाजूला सारून त्यानं दोर आपल्याच हातांत घेतला. "म्या धरलाय. घट्ट धरलाय."