सुट्टी बाधते

"शर्टाला पाणी लावलंस तर याद राख," मुकादम खाटेवरून ओरडला आणि तेवढ्यानेच धापा टाकू लागला.

"नाही लावत. आधी श्वास तर घ्या!" बायकोने बादलीवर धरलेला शर्ट परत त्याच्या उशाखाली सारला.

सूतगिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात त्याने उभा जन्म काढला होता. गेल्या आठवड्यात डॉक्टरने छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि सांगितलं, आता गिरणीचं नाव काढायचं नाही. मुकादमाला ते काही पटेना. रविवारी घरी बसलं की सोमवारी छाती आवळते आणि मशिनीपाशी दोन दिवस काढले की सुटते, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे दोष सुट्टीचाच! निवृत्त झालेले वर्षभरात गेले, आणखी पुरावा कसला हवा? म्हणून जमेल तेव्हा तो रविवारीही काहीतरी काम काढून जाई. आता घरी पडल्या पडल्या औषध समजून कामाच्या शर्टातली कापसाची धूळ हुंगत होता. उद्या सोमवारी तो कामावर जाणार होता. बायको रडली, तिने अबोला धरून पाहिला; सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी रविवारची पाळी करून त्याच्या खात्यातला फिटर भेटायला आला. जिन्यावर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली, पुन्हा थांबली. दाराची चौकट धरून तो नुसताच उभा राहिला. तोंडातून शब्द फुटेना.

"काय रे, माझ्याआधीच म्हातारा झालास?"

"घरमालकाने... जिना वाढवलाय तुमचा," फिटर हसला आणि खोकत सुटला.

बायकोने दिलेलं पाणी तो पीत होता तेव्हा मुकादमाचं त्याच्या ओठांकडे लक्ष गेलं. निळसर होते. आरशात स्वतःचे दिसत, अगदी तसेच.

"मध्ये घरी बसला होतास की काय?"

"छे! तुम्ही खात्यात आणलंत तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही."

हा तर कधी घरी बसलाच नव्हता.

"उद्या जाऊ नकोस," तो म्हणाला. "डॉक्टरकडे जाऊ. दोघंही."

"काहीतरीच! सुट्टी बाधते, मुकादम. तुम्हीच तर शिकवलंत."

"चुकलं रे माझं. चुकीचं शिकवलं."

फिटर उठता उठता हळूच म्हणाला, "वहिनी, आजारपणात माणूस असंच बोलतो. खात्यात आले की होतील बरे."

पावलं जिना उतरू लागली. मुकादम कान देऊन ऐकत होता. मग त्याने उशाखालचा शर्ट काढला आणि बायकोच्या हातात दिला.

तिने तो बादलीत बुडवला. पाण्यावर पांढरा थर आला.

"अजून एक पाणी लागेल," ती म्हणाली.

मुकादमाने हात वर करून तिला गप्प केलं. खाली जिन्यावर पावलं पुन्हा थांबली होती.