बुद्धिदेवतेच्या हातचं पाणी

क्रांतीनंतर पॅरिसच्या नव्या राज्यकर्त्यांनी जुना देव रद्द करून बुद्धिदेवता नेमली. गावातला पाद्री आधीच परागंदा झाला होता, चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतायला गेल्या होत्या. देवता तेवढी हवी होती. गावच्या क्रांतिसमितीच्या बारोने, म्हणजे नव्या रीतीने 'नागरिक' बारोने, कोष्ट्याच्या उर्स्युलला निवडलं. "सरळ बसते, बोलत नाही. देवतेला आणखी काय लागतं?"

पांढरा झगा आणि क्रांतीची लाल टोपी घालून उर्स्युल चर्चच्या वेदीवर बसली. थंडीने तिचे पाय काकडले होते. "गुडघे टेकायचे दिवस संपले!" बारो गरजला. गावाने निमूट गुडघे टेकले. वेदीपुढे दुसरं काय करतात, हे कुणाला ठाऊक होतं?

तेवढ्यात चार दिवसांची बाळंतीण क्लोदीन बाळ घेऊन पुढे आली. "उर्स्युल, ह्याचा श्वास अडकतोय गं. बाप्तिस्मा राहिलाय."

"अगं, मी कोण?"

"जीव जात असला की कुणीही दिला तरी चालतो. एरवी सुईण देते, ती तुरुंगात आहे. इतकी माणसं असताना आईने द्यायचा नसतो. बाकी सगळ्यांना विचारलं, सगळे घाबरतात."

सुईणीला बाप्तिस्मा दिल्याच्या गुन्ह्यासाठीच नेलं होतं. उर्स्युलही घाबरली, चांगलीच घाबरली. पण बाळाचे ओठ काळेनिळे पडत होते, आणि बाप्तिस्म्यावाचून गेलं तर त्याला स्वर्गाचं दार बंद. ती खाली उतरली. बारोच्या पुढ्यातला पाण्याचा पेला तिने उचलला.

"नाव?"

"फ्लोरां."

"फ्लोरां, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते." तिने बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. सगळं चर्च "आमेन" म्हणालं.

बारो पांढराफटक पडला. त्याने गुन्ह्यांच्या नोंदीचा कागद पुढे ओढला. "कुणी केलं हे? काय लिहू?"

"बुद्धिदेवतेने, नागरिक," म्हातारा लोहार म्हणाला. "तूच नेमलीस ना? घाल तिला बेड्या!"

चर्चभर खसखस पिकली. बारोही ओशाळं हसला. त्याला सुटका हवीच होती. त्यालाही ह्याच गावात राहायचं होतं. "बरं, देवतेची लहर म्हणू," असं म्हणून त्याने कागद गुंडाळायला घेतला.

क्लोदीन मात्र हसली नाही. बाळ आता हलत नव्हतं. तिने उर्स्युलचा झगा धरला. "त्यांच्या देवतेने दिला? म्हणजे बाप्तिस्मा लागला नाही का गं?"

उर्स्युलने बारोकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली, गप्प राहा म्हणून.

तिने लाल टोपी काढून खाली ठेवली.

"लागला, क्लोदीन. मी दिला, कोष्ट्याच्या उर्स्युलने," ती म्हणाली. "लिही, नागरिक."