आईंचा चौकोन

"नऊ महिने पोटात वागवलंय तुला, मला अक्कल शिकवू नकोस," असं मी आमच्या थोरल्या दिरांना म्हणाले. निदान लेखी तरी तसं आहे. दादांना टक्कल पडून जमाना झाला. त्यांना पोटात वागवायला मी जन्माला यायलाच उशीर केला. पण रविवारच्या व्हिडिओ मीटिंगचं जे टिपण सगळ्यांच्या फोनवर आलं, त्यात हे वाक्य "धाकटी सून" या नावापुढे होतं, आणि धाकटी सून मीच.

मीटिंगा घराबद्दल होत्या. घर सासूबाईंचं, खाली दोन खोल्या आणि वर एक. आम्ही दोघं लग्न झाल्यापासून त्यांच्याजवळच राहतो. हे कारखान्यात पाळीवर असतात. मी पुढच्या खोलीत मशीन टाकून कपडे दुरुस्त करून देते. चेन बदलायची, कंबर सैल करायची, आणि गिऱ्हाइकाला "कापडच आटलंय हो" म्हणून धीर द्यायचा. दादांच्या मनात होतं, घर विकून टाकायचं आणि आईंना त्यांच्या शहरातल्या वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं. तिथे नर्स आहे, बाग आहे, जिन्याला दोन्हीकडे कठडे आहेत. आईंना या घरातून हलायचं नव्हतं. गोष्ट एवढीच.

दादा मोठ्या कंपनीत वरच्या खुर्चीवर आहेत. तिथे मीटिंगमधलं बोलणं ऐकून आपोआप लिहून काढणारं यंत्र वापरतात. तेच त्यांनी घरच्या मीटिंगला बसवलं. "मागाहून कोणी म्हणायला नको की मी असं बोललोच नव्हतो," ते म्हणाले. घरात असं म्हणणारं कोण आहे हे सांगितलं नाही, पण तेव्हा त्यांची नजर माझ्या चौकोनाकडे असावी. फोनवर कोण कोणाकडे बघतंय ते कळत नाही, हीच तर त्यातली सोय.

पहिल्याच रविवारी आईंनी विचारलं, "हा काळा चौकोन कोणाचा? तोंड नाही दिसत."

"तो माणूस नाही, आई," दादा म्हणाले. "ते यंत्र आहे. आपण बोलतो ते ऐकून लिहून घेतं, आणि शेवटी सारांश पाठवतं."

"म्हणजे कारकून."

"तसंच काहीसं."

"बोलत नाही, जेवत नाही, नुसता ऐकतो," आई म्हणाल्या. "असा जावई बघायला हवा होता."

नणंदेचे यजमान तिच्या मागेच सोफ्यावर बसले होते. नणंद पन्नाशीला आली तरी सगळ्यांची बेबी आहे. ती म्हणाली, "आई, हे सगळं रेकॉर्ड होतंय."

"होऊ दे की. त्यांच्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं होतं."

आता घोळ कुठे झाला ते सांगते. दादांच्या घरी एक चौकोन, बेबीताईंचा एक, आणि आमच्याकडे माझ्या फोनवर मी आणि आई मिळून एक. एका पलंगावर दोघी, फोन उशीला टेकवलेला. त्या चौकोनाला दादांनीच नाव दिलं होतं, "धाकटी सून". कारकुनाला माणसं कळत नाहीत, त्याला चौकोन कळतात. त्या चौकोनातून जो आवाज येईल तो माझा. आईंना चौकोन नव्हता, म्हणून त्याच्या लेखी आई मीटिंगला नव्हत्याच. आणि आईंइतकं त्या मीटिंगांत कोणीच बोललं नव्हतं.

शब्दन् शब्द लिहिलेलं टिपण लांबलचक असे. ते कोणीच वाचत नसे. सगळे वाचायचे तो वरचा सारांश. पहिला सारांश असा होता: घर विकण्याबाबत दादांनी तपशीलवार मांडणी केली. बेबीताईंनी सहमती दर्शवली. धाकट्या सुनेने तीव्र व भावनिक विरोध केला. आईंनी आक्षेप नोंदवलेला नाही.

मी दादांना फोन केला. "दादा, ते सगळं आई बोलल्या. तुम्ही समोर होतात. तुम्ही ऐकलंत."

"हे बघ, मी ऐकलं ते मला नीट आठवत नाही. म्हणून तर यंत्र लावलं."

"तुम्हाला कोणी पोटात वागवलं तेही आठवत नाही?"

"तू आता चिडून बोलते आहेस. सारांशात लिहिलंय ते काही खोटं नाही."

मी फोन ठेवला. दुपारी बेबीताईंचा आला. "वहिनी, तुम्हाला घर हवंय तर सरळ सांगा ना. आईच्या आडून कशाला?" मी म्हटलं, आईच माझ्या आडून बोलतायत. त्यांना ते पटलं नाही. पटणार कसं? दादांच्या फोनात लेखी होतं, आणि माझ्याकडे होतं फक्त तोंड.

मी आईंना सारांश वाचून दाखवला. मला वाटलं, संतापतील. त्यांनी परत एकदा वाचायला लावला, आणि "तीव्र व भावनिक" पाशी हसल्या.

"अगदी चांगलं लिहितो की," त्या म्हणाल्या.

"आई, शिव्या मला बसतायत."

"तुला सवय आहे. तू सून. माझी पोरं आहेत ती, त्यांच्याशी वाईटपणा घेऊन मी कुठे जाऊ?"

पुढच्या रविवारी तर त्यांना भरतंच आलं. माझ्या नावावर काय वाटेल ते बोलता येतं हे कळल्यावर कोण सोडतंय? दादांच्या बायकोनं लग्नानंतर नेलेला पितळी हंडा निघाला. आईंच्या आजारपणात बेबीताई फक्त फुलं घेऊन आल्या होत्या, ती फुलं निघाली. मी शेजारी बसून कोपरानं ढोसत होते. त्या सरकून बसायच्या आणि पुढचं काढायच्या.

बाकीच्यांचंही बोलणं एव्हाना बिघडलं होतं. बेबीताई त्या काळ्या चौकोनाला ऐकवत असल्यासारख्या म्हणायच्या, "मी दर आठवड्याला आईला फोन करते, हे सगळ्यांच्या लक्षात असावं." दादा मुळातच पत्रासारखं बोलतात. त्यांच्या तोंडी "मी" कधी नसतो. विचार करण्यात येतो, निर्णय घेण्यात येतो, आणि आईंना हलवण्यात येतं. कारकुनाला त्यांचं बोलणं फार आवडत असावं. त्यांचं वाक्य तो जसंच्या तसं उतरवी. माझ्या चौकोनातलं बोलणं मात्र "अस्पष्ट" म्हणून तोडून टाकी.

ह्यांना मी म्हटलं, "तुम्ही तरी सांगा भावाला."

हे म्हणाले, "सांगतो." मग म्हणाले, "पण आई बोलली का खरंच तसं?"

"तुम्हीही सारांशच वाचला ना?"

ह्यांनी बूट काढायला घेतले. एवढा वेळ बूट काढताना मी माणूस पाहिला नाही.

दुसऱ्या सारांशात मी हंडा मागितला होता. त्याखाली होतं: आईंचा आक्षेप नसल्याने घर पाहण्यासाठी ग्राहकास बोलावण्याचे ठरले. कोणी ठरवलं ते लिहिलं नव्हतं.

हे वाचून दाखवल्यावर मात्र आई हसल्या नाहीत. "ग्राहक म्हणजे कोण?"

"घर घेणारा. येऊन भिंती ठोकून बघेल. तुमच्या पलंगाखालीसुद्धा वाकेल."

"मी नाही म्हटलं होतं की."

"तुम्ही म्हटलं ते मी म्हटलं. तुम्ही तिथे गप्प आहात. त्यांच्या लेखी तुम्ही तयार आहात."

"मग तू खोडून काढ."

"मी जेवढं खोडेन तेवढं त्यांना पटेल की मलाच घर हवंय. तुमचं तुम्हाला बोलावं लागेल, तुमच्या नावानं. ह्यांचा फोन घरी ठेवून घेते. तुम्हाला वेगळा चौकोन करून देते."

"मला नको चौकोनबिवकोन."

"मग सामान बांधायला घेऊ या. भांड्यांपासून सुरुवात करते."

त्या दिवशी आमचं जे भांडण झालं ते कोणत्या कारकुनाला लिहिता आलं नसतं. त्या म्हणाल्या, मी त्यांना पोरांपुढे उघडं पाडायला निघाले आहे. मी म्हटलं, इतके दिवस मला पुढे करून त्या बऱ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, सून असते कशाला? मी म्हटलं, मग पोरं असतात कशाला तेही सांगा. रात्री दोघी न बोलता जेवलो. मीठ हवं होतं तर त्यांनी ह्यांना सांगून माझ्याकडून मागवलं.

रविवारी सकाळी त्या स्वतःहून म्हणाल्या, "कुठे बसायचं ते सांग."

दोन फोन एका खोलीत चालत नाहीत, शिट्टी वाजते. म्हणून त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि फोन डब्याला टेकवून उभा केला. चौकोनाला नाव दिलं, "आई". त्या त्यात स्वतःकडे बघत राहिल्या. "ही म्हातारी कोण?" म्हणाल्या, पण गंमत करायचा सूर नव्हता. मी दार ओढून बाहेर माझ्या फोनपाशी आले. आता त्यांना कोपरानं ढोसता येणार नव्हतं.

दादा त्यांचा चौकोन बघून खूश झाले. "वा, आई. हे छान झालं. आता तुझं तू सांग. कोणाच्या दबावाखाली नको." ते कोण, हे मला कळावं म्हणून जरा थांबले. "घराबद्दल तुझं काय म्हणणं आहे?"

कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागलेला. माझ्या नावावर हंडे काढणारी बाई आपल्या नावाखाली नुसती बसून होती. त्यांची मान हलत होती, ती वयामुळे नेहमीच हलते. दादांना तो होकार वाटू नये म्हणून मी मनात देव आठवले.

"आई?" बेबीताई म्हणाल्या. "बोल ना गं."

"तुम्ही म्हणाल तसं," आई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं, तर दादांनी माझा आवाज बंद केला. मीटिंग त्यांची, त्यांना तसं करता येतं. पडद्यावर मी ओठ हलवताना दिसत होते, पाण्यातल्या माशासारखी.

"ठीक," दादा म्हणाले. "म्हणजे आईची संमती आहे. तर मग असं ठरवण्यात येतंय की..."

"थांब," आई म्हणाल्या. "मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. मग म्हण ना."

"काय म्हणू?"

"म्हण, आई, तू या घरातून नीघ. मी घर विकतो."

"आई, तसं कोणी म्हणत नाहीये. तुझी सोय व्हावी म्हणून विचार करण्यात आला की..."

"कोणी केला विचार?"

"आम्ही सगळ्यांनी."

"सगळ्यांनी नको. तू म्हण. तुझ्या तोंडानं म्हण, तो लिहून घेतोय. म्हणालास की मी निघते. आजच निघते, पिशवी भरलेलीच आहे."

पिशवी भरलेली नव्हती. घरात रिकामी पिशवीसुद्धा सापडत नाही. पण हे त्या शहरात बसलेल्या मुलाला काय माहीत?

दादा पाणी प्यायले. मग म्हणाले, "हे जरा घरगुती बोलणं होतंय. मी रेकॉर्डिंग बंद करतो, मग मोकळेपणानं बोलू."

"बंद केलंस तर मी बोलणार नाही."

"आई, असा हट्ट नको."

"मग बेबी, तू म्हण."

बेबीताईंनी कॅमेरा बंद केला. नुसतं नाव उरलं, आणि त्यामागून नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. त्यांच्या यजमानांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली होती, तो आवाजही मग तुटला.

"दादा," आई म्हणाल्या. पोटच्या मुलाला त्या दादाच म्हणतात, बाकीच्यांना सवय लागावी म्हणून लहानपणी सुरू केलेलं. "म्हणवत नाही ना तुला? मग त्या घर घेणाऱ्याला कोणत्या तोंडानं आणतोयस?"

दादांचा चेहरा बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं, चित्र अडकलं. पण मागचा पंखा फिरत होता. मग ते म्हणाले, "माझं नेटवर्क जातंय," आणि चौकोन गेला. त्यांच्या शहरात नेटवर्क कधी जात नाही. मीटिंग मिटली, आणि माझा आवाज मला परत मिळाला तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

संध्याकाळी ह्यांच्या फोनवर दादांचा निरोप आला. ग्राहकाची भेट तूर्तास पुढे ढकलण्यात आली आहे. पुढच्या रविवारी मीटिंगची लिंक आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बेबीताई माझ्याशी अजून बोलत नाहीत. दादा बोलतात, पण ह्यांच्यामार्फत, आणि त्यात माझा उल्लेख "घरचे" असा करतात. मी काहीच बोलले नव्हते, हे त्यांतल्या कोणाला मी आता सांगायला जात नाही.

त्या रविवारी मी आतल्या खोलीचं दार उघडलं तेव्हा आई तिथेच बसल्या होत्या. फोन डब्यावरून घसरून आडवा पडला होता.

"गेला का तो?"

"गेले."

"आता तू. घर तुला देईन असं मनातही आणू नकोस."

"कोणी मागितलंय?"

"मागितलं नाहीस म्हणून सांगून ठेवते. आणि परत मला अशी एकटीला कोंडून बसवू नकोस. जीव गेला असता."

जवळ गेले तर त्यांची पाठ घामानं भिजली होती. मी पंखा लावला.

"थंडी वाजेल," त्या म्हणाल्या.

मी पंखा बंद केला.

"आता उकडतंय."

मी पंखा पुन्हा लावला, मघापेक्षा हळू, आणि त्यांच्या शेजारी पलंगावर बसले. त्या जरा सरकल्या.