पेंढ्याची कालवड

पासली गावच्या सगुणाबाईच्या हातात चिंध्या पडल्या की त्यांना पाय फुटायचे. फाटक्या लुगड्याच्या बाहुल्या, धोतराच्या काठाचे बैल, लाल चोचीचे पोपट. कुणाचं पोर हट्टाला पेटलं की "जा, सगुणाकडनं बैल घिऊन ये" म्हणायची गावाला सवयच झाली होती. भोरचं संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या पोरांना दुसरं खेळणं कोण आणून देणार? पण बाईच्या बोटांत जेवढी कला, तेवढाच मनात भाबडेपणा. आणि भाबड्या माणसाला फसवायला परका कशाला लागतो, घरचेच पुरतात.

तिच्या दारात तांबू गाय होती, तिच्या भावानं दिलेली. तांबूला कालवड झाली, कपाळावर पांढरा चांद असलेली, म्हणून तिचं नाव चांदी. सगुणाबाईनं त्याच दिवशी नवऱ्याला, हैबतीला, मेंगाई देवीच्या अंगाऱ्यावर हात ठेवायला लावला: चांदी आपल्या ठकूची, ठकू नांदायला जाईल तेव्हा तिच्यामागं जाईल. सासरी बाईला आपलं म्हणावं असं असतं काय? दावणीला माहेरची गाय असली, तर तेवढीच. सगुणाबाईला हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून लेकीसाठी तिचा एवढा जीव चालला होता.

एके दिवशी ती भात कापून घरी आली तर चांदीचा खुंटा रिकामा. हैबती कपाळाला हात लावून बसला होता.

"बिबट्यानं नेली," तो म्हणाला. "लई हुडकलं. कातडंबी गावलं न्हाई."

माहेरपणाला आलेली नणंद, पारूबाई, सगुणाबाईच्या गळ्यात पडून रडली. दोघी बहिणींसारख्या राहिलेल्या. सगुणाबाईला वाटलं, एवढ्या दुःखात निदान हिचा खांदा तरी आहे.

इकडे तांबूनं पान्हा चोरला. वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढं उभं करायची रीत होती, पण इथं कातडंच नव्हतं. तेव्हा पारूबाईनंच बोचक्यातून आपलं तांबडं लुगडं काढलं.

"वैनी, तुमच्या हातात कला हाय. कापडाचं वासरू करा."

सगुणाबाईचे डोळे भरून आले. तिनं पेंढ्याचं धड केलं, चांदी ज्यावर निजायची तो गोणपाट त्याला गुंडाळला आणि वरून लुगडं शिवलं. कपाळावर पांढरा चांद लावला. गाईनं चाटावं म्हणून मिठाचं पाणी चोळलं. तांबूनं हुंगलं, हंबरली, चाटायला लागली आणि पान्हवली. हैबतीची चरवी भरली. सगुणाबाई मात्र गाईच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली, "माफ कर बये. म्या फशिवलं तुला."

महिन्याभरानं तिनं उरलेल्या लुगड्याची एक बाहुली केली. पारूबाईच्या धाकटीला द्यावी, वन्संचे उपकार थोडे तरी फेडावेत, म्हणून डोंगर तुडवत ती त्यांच्या सासरी, हिर्डोशीला गेली. अंगणात पाय ठेवला, आणि खुंट्यापाशी बांधलेल्या वासरानं तिला बघून हंबरडा फोडला. कपाळावर पांढरा चांद.

पारूबाई दारात आली आणि तिथंच थिजली.

"वैनी... दादानंच दिली. त्याच दिशी गड्यासंगं हिकडं धाडली. माझ्या थोरलीच्या लगनात द्याया. तुमाला सांगू नगं म्हनला."

"रडलात की वो माझ्या गळ्यात पडून."

सगुणाबाईला नवऱ्याची चीड आली, पण काळीज फाटलं ते त्या लुगड्यापायी. खोटं बोलायचं तर बोलावं माणसानं. पण ते शिवायला कापडही आपलंच द्यावं? तिनं दावं सोडलं, खुंट्यापाशी बाहुली ठेवली आणि कालवड घेऊन वाटेला लागली. पारूबाई मागून हाका मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा धारेची वेळ झाली होती. हैबती चरवी घेऊन गोठ्यात उभा होता. चांदीला बघून त्याचा चेहरा उतरला. तिनं कालवड आईकडं सोडली.

चांदी धावली. तांबूनं तिला हुंगलं आणि शिंगांनी बाजूला ढकललं. चांदी पुन्हा गेली, पुन्हा ढुशी खाऊन पडली. मग तांबू वळली आणि पेंढ्याच्या वासराला चाटायला लागली. सगुणाबाईच्या हातचं काम इतकं बेमालूम उतरलं होतं.

"बग," हैबतीला जरा धीर आला. "आईच वळखंना. दिऊन टाकू माघारी पारूला."

विळा घेऊन सगुणाबाईनं कापडी वासराचं पोट फाडलं. पेंढा भसाभसा खाली सांडला. तिनं ते लुगडं आणि गोणपाट झटकला, चांदीच्या पाठीवर घालून पोटाखाली गाठी मारल्या, वरून मिठाचं पाणी चोळलं. खऱ्या वासराला खोट्याचं कातडं पांघरावं लागलं.

तांबूनं हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मग तिची जीभ लुगड्यावरून फिरली, तिथून चांदीच्या मानेवर गेली, आणि चांदीनं आचळ धरलं.

ठकू दारातून बघत होती, ती आनंदानं ओरडली. हैबतीही हसला, झालं गेलं मिटलं असं वाटून चरवी घेऊन पुढं आला.

सगुणाबाईनं ती चरवी त्याच्या हातातून काढून घेतली.

"गाईचं जमलं," ती म्हणाली. "आता तुमी कंचं कातडं पांघरून माझ्याफुडं येनार, तेवढं सांगा."