हरण्याची नोकरी

संयोगिता ढोले टेनिसमध्ये जगात तीनशे अठ्ठ्याऐंशीव्या नंबरावर पोचली, तेव्हा आमच्या आष्ट्यात तिचा सत्कार झाला. साल एक्क्याण्णव. नगराध्यक्षांनी शाल घालताना तिला 'बॅडमिंटनची शान' म्हटलं आणि उरलेले तीनशे सत्त्याऐंशी जण हिच्यापुढं गेलेच कसे, याबद्दल भाषणात खंत व्यक्त केली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तिचे वडील कृष्णात ढोले फौजेत सुभेदार होते. बेळगावला असताना साहेबलोकांच्या क्लबातलं टेनिस कोर्ट त्यांच्या ताब्यात असायचं. तिथंच ते खेळ शिकले आणि पेन्शनीवर आल्यावर त्यांनी दहा गुंठे ऊस मोडून मुरमाचं कोर्ट केलं. सुभेदाराच्या डोक्याला गोळी चाटून गेली असावी, असं भावकीचं मत पडलं. त्या कोर्टावर सुभेदारांनी पोरीला रोज पहाटे पळवलं आणि ती पळत पळत जकार्ता, ताश्कंद, बँकॉकपर्यंत गेली. तिथं तिनं काय पाहिलं असं विचारलं तर म्हणायची, पहिली फेरी पाहिली, कधी कधी दुसरी. गावातल्या बायका सुभेदारांना विचारायच्या, "खेळती ते कळलं, पन काम काय करती?"

चौऱ्याण्णवला गुडघा गेला आणि हा प्रश्न तिलाही पडला.

मी तेव्हा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत माल पाठवण्याच्या खात्यात होतो. आम्ही ट्रॅक्टरचे ओतीव भाग बनवायचो. मालक अण्णासाहेब. मोठे उद्योगपती टेनिस खेळतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून कंपनीच्या विश्रामगृहामागं त्यांनी सिमेंटचं झकास कोर्ट बांधून घेतलं होतं. कोकणातून येणारी साच्याची वाळू मात्र उघड्यावर पडलेली असायची. तिच्या शेडची फाईल अण्णासाहेबांच्या टेबलावर तीन वर्षं विचाराधीन होती. कोर्टाला विचार लागला नव्हता.

संयोगिताची मुलाखत त्यांनी स्वतः घेतली. ग्राहक-संबंध अधिकारी, असं पद होतं. पुण्याहून बडे खरेदीप्रमुख येतात, त्यांच्याशी खेळायचं, इतकंच काम. शेवटी अण्णासाहेबांनी मुद्द्याचं विचारलं, "हरायला जमेल ना?"

"आजवर बहुतेक तेच केलंय," ती म्हणाली. "पण मुद्दाम कधी नाही."

हे तिला लवकरच जमलं. हरणं सोपं वाटतं, पण समोरच्या माणसाचं पोट जिथवर पोचू शकेल तिथंच चेंडू टाकायचा आणि तो अवघड दिसेल असा टाकायचा, ही कला आहे. सहा-चार, सात-पाच अशी ती हरायची. कधी एखादा सेट घ्यायची, म्हणजे पाहुण्याला झुंज दिल्याचं समाधान मिळायचं. सगळ्यात जास्त हरली ती खासनीस साहेबांकडून. ते आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचे खरेदीप्रमुख, वय पंचावन्न. माजी व्यावसायिक खेळाडूला आपण नियमित हरवतो, हे ते पुण्यात सांगत फिरायचे. खेळात तिला बारा वर्षांत जेवढं मिळालं नव्हतं, तेवढं हरून तीन वर्षांत मिळालं. सत्त्याण्णवला ती मॅनेजर झाली, केबिनला पंखा आला.

पण एक घोटाळा झाला. दमलेला माणूस खरं बोलतो. दोन गेमच्या मध्ये धापा टाकत हे पाहुणे तिला सांगायचे की तुमच्या मालात आत पोकळ्या निघतात, शंभरातले अठरा भाग फेकावे लागतात. चहाच्या टेबलावर ते कधीच हे बोलत नसत. ती भट्टीखात्यात गेली. तिथला मुकादम सिद्धू वीस वर्षं साचे भरत होता. त्यानं मूठभर वाळू तिच्या हातात दाबली आणि मूठ उघडायला सांगितली. तळवा ओला झाला होता.

"ओल्या वाळूत लोखंड वतलं की वाफ हुती, मॅडम. ती जाणार कुटं? आतच ऱ्हाती. हे शेंबडं पोर बी सांगंल, पन इचारतंय कोन?"

तिनं अण्णासाहेबांना सांगितलं. त्यांनी प्रेमानं ऐकून घेतलं आणि बॅकहँड अजून थोडा कच्चा ठेव, असा सल्ला दिला. माल मात्र 'तपासून पास' असा शिक्का मारून जातच राहिला. शिक्का माझ्याच खात्यात होता, त्यामुळं मी जास्त बोलत नाही. ती कामाचे तास संपल्यावर सिद्धूकडं जाऊन बसू लागली. वाळू, माती, पाणी यांचं माप शिकली. लोकांना वाटलं, गुडघ्याबरोबर डोकंही गेलं.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत सांगलीच्या एका क्लबात प्रदर्शनीय सामना ठरला, संयोगिता विरुद्ध खासनीस. पुढल्या वर्षाच्या मोठ्या ऑर्डरीवर सही व्हायची होती, आणि पाहुण्याला आधी चार लोकांसमोर जिंकू दिलं की सही सुबक येते, असा अण्णासाहेबांचा अनुभव होता. हळदीचे व्यापारी खुर्च्या अडवून बसले. चेंडू जाळीत गेला तरी टाळ्या पडत होत्या. आष्ट्याहून सुभेदार आले होते, पलटणीची टोपी घालून. पोरगी गुडघ्यानंतर पहिल्यांदा लोकांसमोर खेळणार, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पहिला सेट ती सहा-चार हरली. पाणी प्यायला आली तेव्हा मी सुभेदारांच्या शेजारी होतो.

"गुडगा दुकतोय का?" त्यांनी हळूच विचारलं.

ती नाही म्हणाली.

"मग तिसऱ्या गेमला पाय का थांबला? चेंडू तुज्या हातातला हुता." त्यांनी एकदा अण्णासाहेबांकडं पाहिलं. "कंपनीचा हुकूम हाय व्हय?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"हुकूम असंल तर मानायचा," सुभेदार उठत म्हणाले. "पन हे बगायची माजी ड्यूटी न्हाई. मी भाईर बसतो."

ते खरंच बाहेर रिक्षा-थांब्यावर जाऊन बसले. ती त्या रिकाम्या खुर्चीकडं थोडा वेळ बघत राहिली. मग आत गेली आणि पुढचे दोन सेट सहा-शून्य, सहा-शून्य घेतले. खासनीस साहेबांना चेंडू दिसायचा तो मागच्या पडद्यावर आपटल्यावर. अण्णासाहेब हातात हार घेऊन उभे होते, तो कुणाच्या गळ्यात घालायचा हे त्यांना सुचेना. सुभेदारांनी यातलं काहीच पाहिलं नाही. ते शेंगा खात होते.

सामना संपल्यावर खासनीस तिच्याजवळ आले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्हणजे तीन वर्षं मी जिंकत नव्हतो."

"नाही, सर."

"आणि तुमच्या मालावरचा तो पास झाल्याचा शिक्का? तोही असाच?"

अण्णासाहेब मध्ये पडायला निघाले होते. त्यांच्याआधी ती बोलली. "बराचसा, सर."

सही झाली नाही. साताऱ्याला परतताना गाडीत अण्णासाहेब कऱ्हाडपर्यंत बोलले नाहीत आणि कऱ्हाडनंतर थांबले नाहीत. तिनं दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला. पण तो टेबलावर पोचायच्या आत पुण्याहून दोन ट्रक परत आले, आमचाच माल भरून. सोबत पत्र होतं. तीन महिन्यांत सुधारणा करून दाखवा आणि त्याची जबाबदारी घेणाऱ्या एका अधिकाऱ्याची सही पाठवा, नाहीतर काम बंद. आमच्याकडं चार मोठे अधिकारी होते. एकाच्या भाचीचं लग्न निघालं, दुसऱ्याची कंबर धरली, उरलेले दोघे देवदर्शनाला गेले. सही करायला राजीनामा लिहून बसलेली एकटी बाई शिल्लक राहिली.

तिनं सही केली. त्याच दुपारी जाळी उतरवून त्या सिमेंटच्या कोर्टावर सगळी वाळू पसरायला लावली. पाणी साचत नव्हतं आणि दिवसभर ऊन होतं, अशी कंपनीत तेवढी एकच जागा होती. सिद्धूच्या सहीशिवाय साचा भरायचा नाही, असा नियम केला. ज्यानं वीस वर्षं अंगठ्यानं वाळू ओळखली, त्याला सही गिरवायला चार दिवस लागले. शिक्का माझ्या हातातून काढून घेतला. मला राग आला, झोप मात्र बरी लागू लागली.

एप्रिलमध्ये खासनीस हातोडी आणि विजेरी घेऊन आले. दिवसभर त्यांनी माल फोडून पाहिला. शंभरात तीन भाग खराब निघाले. ते हसले नाहीत, चहाही घेतला नाही, पण ऑर्डर दिली. पुढच्या वर्षी संयोगिता कंपनीची जनरल मॅनेजर झाली. आपण ही हिरकणी कशी हेरली, यावर अण्णासाहेब आता व्याख्यानं देतात आणि उद्योजकानं टेनिसऐवजी रोज पोहावं, असं सांगतात.

एकदा मी तिला विचारलं, खेळाची आठवण येत नाही का? ती म्हणाली, "हरीनाना, मॅचच्या दिवशी गजराआधीच जाग यायची. इथं हरायला होते तेव्हा तीन वर्षं ती आली नव्हती. आता रोज येते."

तेवढ्यात भट्टीखात्यातून फोन आला, आणि ती तिकडं गेली.